स्वस्तातला मुलगा

घडीच्या खुर्च्यांचा तो कारखाना थोरल्या मालकांनी काढला आणि ते गेल्यावर धाकट्या मालकांकडे आला. धाकटे मालक आता पन्नाशीच्या बरेच पुढे होते, जिना चढताना गुडघा धरायचे, तरी सगळे त्यांना धाकटेच म्हणायचे. कारण त्यांच्या आई, थोरल्या बाई, अजून ठणठणीत होत्या, आणि त्या असताना घरात किंवा कारखान्यात दुसऱ्या कोणाला थोरलं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

कारखाना तसा साधा. एका दालनात लोखंडी नळ्या वाकवायच्या, दुसऱ्यात त्यांना रंग द्यायचा, तिसऱ्यात जाड कापडाच्या बैठका शिवायच्या, आणि शेवटी सगळं जोडून खुर्ची उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. उघडलेल्या खुर्चीवर बैठकमास्तर बसायचे. ही त्यांची नोकरीच होती. थोरल्या मालकांनी त्यांना अंगापिंडाकडे बघून निवडलं होतं. यांच्याखाली जी टिकेल ती कोणाच्याही खाली टिकेल, असा त्यामागचा विचार. मास्तर बसायचे, थोडे डावीकडे झुकायचे, थोडे उजवीकडे, एक सुस्कारा सोडायचे आणि उठायचे. कोणी विचारलं, आपण काय करता, तर ते सांगायचे, ‘बसून खातो,’ आणि त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

धंदा बुडत नव्हता, पण फुगतही नव्हता. बाहेरून स्वस्तातल्या खुर्च्या यायला लागल्या होत्या. म्हणून धाकट्या मालकांनी एक सल्लागार नेमला. हा सल्लागार सडपातळ, कायम इस्त्रीतला, आणि खुर्चीला पाठ टेकून कधीही न बसणारा. त्याने सगळा कारखाना फिरून बघितला आणि सांगितलं की खुर्च्या इथे बनवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या एका देशात हीच खुर्ची निम्म्या खर्चात बनते, तिथली जागाही त्याने बघून ठेवली आहे, फक्त होकार द्यायचा.

मालक म्हणाले, माणसं जुनी आहेत, काही तर वडिलांच्या वेळची.

‘भावना आपण बाजूला ठेवूया,’ सल्लागार म्हणाला, आणि त्याने दोन्ही हातांनी काहीतरी अदृश्य उचलून टेबलाच्या कडेला अलगद ठेवलं. ते इतकं हुबेहूब होतं, की मालकांनी नकळत आपला चहाचा कप सरकवून तिथे जागा करून दिली.

ही बातमी माणसांना सांगायची म्हणजे अवघड काम. मालकांनी आदल्या संध्याकाळी बायकोसमोर सराव केला. त्यांना एक वाईट खोड होती, घाबरले की हसू यायचं. मालकीणबाई शेवटपर्यंत ऐकून म्हणाल्या, ‘बाकी ठीक आहे. पण अहो, ‘दुर्दैवाने’ म्हणताना तेवढं हसू नका.’

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सगळे जमले. मालक ‘दुर्दैवाने’ म्हणाले आणि हसले. मग घाईघाईने बाकीचं सांगून टाकलं. काम टप्प्याटप्प्याने बाहेर जाईल, ज्याचं जे असेल ते त्याला मिळेल, मुख्य कचेरी मात्र इथेच राहील. शिलाईच्या दालनातल्या मावशींनी विचारलं, कचेरी इथे राहणार, म्हणजे कंपनी इथलीच म्हणायची ना? मालक म्हणाले, अर्थात, इथलीच. तेव्हा बैठकमास्तर उभे राहिले. ते उभे राहिलेले फारसं कोणी पाहिलेलं नसल्यामुळे एकदम शांतता झाली.

‘मालक, मग एवढंच सांगा,’ ते म्हणाले. ‘कंपनी इथली, तर ती इथल्या माणसांचं काही देणं लागते की नाही?’

‘काका, कंपनी फक्त नफ्याचं देणं लागते,’ मालक म्हणाले. ‘नफा नसेल तर कंपनीच नसेल. आपलेपणा हा घरातला विषय आहे.’

मालकांना आपलं हे वाक्य इतकं आवडलं, की गाडीतून घरी जाताना त्यांनी ते पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं.

तरी संध्याकाळी त्यांना चैन पडेना. सगळे बैठकमास्तरांच्या घरी जमलेत असं कानावर आलं होतं. माणूस मुळात वाईट नव्हता. त्यांनी बिस्किटांचा मोठा डबा घेतला आणि थेट मास्तरांच्या दारात जाऊन उभे राहिले. आत रंगाच्या दालनातला एक जण तावातावाने बोलत होता. ज्यांना इथल्या लोकांना माल विकायचाय त्यांनी तो इथल्याच लोकांकडून बनवून घ्यायला हवा, नाहीतर विकूच नये, असं त्याचं म्हणणं होतं, आणि सगळे माना डोलवत होते. मालक दिसले तशा माना थांबल्या. सगळे ताडकन उठले, आणि त्यांनी बसावं म्हणून एकाच वेळी पाच-सहा खुर्च्या पुढे आल्या.

त्या सगळ्या प्लास्टिकच्या होत्या. हिरव्या, चकचकीत, बाहेरच्या देशातून आलेल्या. एकीच्या पाठीवर तर दुकानातली चिठ्ठीही अजून तशीच होती.

मालकांनी गुडघा धरून वाकून ती चिठ्ठी वाचली. सरळ झाले. खोलीत कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

‘सूनबाईंनी आणल्या,’ मास्तर खाली बघत म्हणाले. ‘आपल्या एका खुर्चीच्या किमतीत या चार येतात.’

‘म्हणजे काका, भावना तुम्हीही बाजूलाच ठेवलीत,’ मालक म्हणाले.

यावर मास्तरांना काहीतरी उत्तर द्यायचं होतं. विचार करायला म्हणून ते सवयीने बसले, सवयीने डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, आणि सुस्कारा सोडणार तेवढ्यात खुर्चीचे चारही पाय चार दिशांना फाकायला लागले. मोडली असंही म्हणता येणार नाही. लोणी वितळावं तशी ती सावकाश पसरत गेली, आणि मास्तर चेहऱ्यावरची रेषही न हलवता तिच्याबरोबर जमिनीपर्यंत गेले. त्यांना उठवायला तिघे लागले, त्यातले एक मालक. त्यानंतर देश, कंपनी, आपलेपणा वगैरेंवर बोलायची कोणालाच हिंमत झाली नाही. सगळ्यांनी उभ्या उभ्याच बिस्किटं खाल्ली.

मालक घरी आले ते जिंकून आल्यासारखे. जेवताना त्यांनी सगळी हकीकत रंगवून सांगितली. थोरल्या बाई खुर्ची पसरली तिथे पोट धरून हसल्या. मग त्यांनी कँटीनमधलं ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, आणि म्हणाल्या, ‘पटतं रे. पण मग घर तरी तोट्यात का चालवायचं?’

मालकांना वाटलं, आई गंमत करतेय. त्यांनी आणखी बटाटे वाढून घेतले. तळून कुरकुरीत केलेले बटाटे त्यांना रोज लागायचे, आणि ते थोरल्या बाईच तळायच्या, कारण दुसऱ्या कोणाच्या हातचे त्यांना चालत नसत.

मंगळवारी थोरल्या बाईंना दातांच्या डॉक्टरांकडे न्यायचं असायचं. हे काम मालकांचं. ते गाडीची किल्ली शोधत होते, तेवढ्यात थोरल्या बाई पर्स काखेत मारून बाहेर आल्या आणि म्हणाल्या की त्यांनी येण्याची गरज नाही, चष्मेवाला येतोय.

चष्मेवाल्याचं दुकान समोरच्या इमारतीत तळमजल्यावर होतं. हा एकटा राहणारा, हळू बोलणारा गृहस्थ. वयाने मालकांपेक्षा थोडा लहान. स्वतःचा चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा दुकानभर शोधत असायचा. आईवडील कधीच गेलेले. थोरल्या बाईंनी त्याला मुलाच्या कामावर ठेवला होता.

‘मुलाच्या कामावर म्हणजे?’ मालकांनी विचारलं.

थोरल्या बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं. मालक त्यांना फार महाग पडत होते. त्यांना बटाटे लागतात. त्यांना साखरेवरून आईला रागवायचं असतं. आई बोलायला लागली की त्यांचा फोन वाजतो. टेबल टेनिसचं ते अजस्र टेबल त्यांनी आईच्या पुढच्या खोलीत आणून टाकलंय, आणि आजवर त्याच्यावर फक्त कपड्यांच्या घड्या घातल्या गेल्यात. चष्मेवाला वेळेवर येतो, सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकतो, आणि घेतो काय, तर कपभर चहा.

‘काम तेच, खर्च निम्म्याहून कमी,’ त्या म्हणाल्या. ‘तू वाईट नव्हतास. कोणी विचारलं तर वागणूक समाधानकारक होती असं मी सांगीन.’

मालक मोठ्याने हसले. खुशाल ठेव, म्हणाले. आपला मंगळवार मोकळा झाला म्हणून ते दुपारी निवांत झोपलेसुद्धा.

पण थोरल्या बाई गंमत करत नव्हत्या. रात्री जेवायला बटाटे नव्हते. दुसऱ्या दिवशीही नव्हते. तिसऱ्या दिवशी मालक खिडकीत उभे असताना त्यांना रस्त्यावरून झाकलेलं ताट समोरच्या दुकानात जाताना दिसलं, आणि वास इकडे दुसऱ्या मजल्यापर्यंत आला. चष्मेवाल्याला थोरल्या बाई ‘बाळ’ म्हणायला लागल्या होत्या. मालकांना ‘अहो’. सकाळी न्याहारीच्या टेबलावर त्या विचारायच्या, ‘अहो धाकटे मालक, मीठ सरकवता का जरा?’ आणि मालकांच्या हातातून मीठ सांडायचं.

ते बायकोकडे गेले. तिने मध्ये पडावं अशी त्यांची अपेक्षा होती. मालकीणबाईंना या प्रकरणात इतकी मजा येत होती, की त्या रोज न्याहारीला वेळेआधी येऊन बसायच्या. त्या म्हणाल्या, ‘अहो, मी सून. माझं खातं वेगळं. मला अजून कोणी काही बोललेलं नाही.’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘पण आता विषय निघालाच आहे, तर नवऱ्याचीही जरा चौकशी करून ठेवते.’

मालकांना खरं लागलं ते रविवारी. ते जिन्यावरून उतरत होते आणि पुढच्या खोलीतून आईचा आवाज येत होता. ती चष्मेवाल्याला सांगत होती की धाकटा चालायला लागला तेव्हा त्याने घडीच्या खुर्चीत डोकं घातलं आणि ते अडकलं. मागेही येईना, पुढेही जाईना. तेल लावून झालं, साबण लावून झाला. ‘अरे बाप रे, मग?’ चष्मेवाल्याने विचारलं, आणि त्याच्या आवाजात खरंखुरं कुतूहल होतं. मालकांनी ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली होती, की गेली कित्येक वर्षं ती सुरू झाली की ते फोन बघायला लागायचे. पण गोष्ट त्यांची होती. डोकं त्यांचं होतं.

‘मग बाबांनी करवत आणली!’ ते जिन्यातूनच ओरडले.

‘अहो, आम्ही बोलतोय,’ थोरल्या बाईंचा आवाज आला.

मालक वर जाऊन पलंगावर बसले. मग त्यांनी सल्लागाराला फोन लावला. हा माणूस कोणालाही काहीही पटवून देऊ शकतो, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. तो आईला पटवून देईल.

सल्लागार आला, तसाच इस्त्रीतला. कंपनीची मातोश्रींशी काही अडचण आहे एवढंच त्याला सांगितलेलं होतं. त्याने सगळ्यांना पुढच्या खोलीत टेबल टेनिसच्या टेबलाभोवती बसवलं. थोरल्या बाईंना विचारलं, चष्मेवाल्याला विचारलं, मालकांच्या फोनचं विचारलं, बटाट्यांना किती वेळ लागतो ते विचारलं. चष्मेवाला मान खाली घालून, मी उगाच मध्ये आलो, असं पुटपुटत होता. त्यालाही सल्लागाराने सांगितलं की यात त्याचा काहीच दोष नाही. शेवटी सल्लागार मालकांकडे वळला.

‘मातोश्रींचा निर्णय योग्य आहे,’ तो म्हणाला. ‘खरं तर मला थोडा उशीर झालेला दिसतो. मी असतो तर तुम्ही लग्न केलंत तेव्हाच हा बदल सुचवला असता.’

‘अहो, पण मी तिचा मुलगा आहे,’ मालक म्हणाले.

‘भावना आपण बाजूला ठेवूया,’ सल्लागार म्हणाला, आणि दोन्ही हातांनी ते अदृश्य काहीतरी उचलून जाळीपलीकडे ठेवलं.

मालक उठले, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले, आणि त्यांनी ते अदृश्य काहीतरी उचलून पुन्हा इकडे आणून ठेवलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि ते अजिबात हसत नव्हते.

थोरल्या बाईंनी विचारलं, ‘मग मी काय करू? तोटा सोसू?’

‘हो,’ मालक म्हणाले. ‘थोडा सोस. मी तुझा आहे, म्हणून सोस.’

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या कानांवर पडलं. मालकीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. सल्लागार घड्याळाकडे बघायला लागला. थोरल्या बाईंना आता वाटेल ते बोलता आलं असतं, पण त्या बोलल्या नाहीत. लेकाकडे बघत बसल्या, आणि मग म्हणाल्या, ‘बरं. पण थोडा म्हणजे किती, ते आधी ठरवू.’

ते ठरवायला वेळ लागला. टेबल टेनिसचं टेबल गेलं. फोन स्वयंपाकघरात ठेवायचा ठरला. बटाटे रोजच्याऐवजी रविवारी. साखरेवरून बोलायचं असेल तर हळू आवाजात, आणि तेही आईने चहा पिऊन झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी मालक पुन्हा कँटीनमध्ये गेले. सगळ्यांना वाटलं आता तारखा सांगणार. त्यांनी सांगितलं की कारखाना कुठेही जाणार नाही, पण ते फुकटात होणार नाही, थोडा भार दोन्ही बाजूंनी उचलायचा, आणि थोडा म्हणजे किती, त्यावर आज बोलायचं. मग तिथे जी घासाघीस झाली ती शेवटी चार वेळा चहा येऊन गेल्यावर मिटली. मालकांनी नफा कमी धरायला कबुली दिली आणि कचेरीची बांधायची ठरलेली नवी इमारत रद्द केली. शिलाईच्या मावशींनी बैठकांचे सात रंग दोनवर आणायला होकार दिला, पण जांभळा ठेवणार असाल तरच. माणसांना खुर्च्या स्वस्तात द्यायच्या ठरल्या. मास्तरांनी तिथल्या तिथे सहा मागितल्या, आणि त्या नेण्याआधी सहाही खुर्च्यांवर बसून बघितलं.

सल्लागाराने हा निर्णय चुकीचा आहे असं स्पष्ट सांगितलं, आपली फी घेतली आणि गेला. तो अगदीच खोटं बोलत नव्हता. पुढच्या वर्षी नफा इतका बारीक झाला, की मालकांना घराचा रंग पुढे ढकलावा लागला, आणि मालकीणबाईंनी पोपडे उडालेल्या भिंतीसमोर त्यांची खुर्ची मुद्दाम ठेवली. पण कारखान्याचा भोंगा रोज वाजत राहिला.

चष्म्याच्या दुकानाची गोष्ट मात्र राहिली होती. थोरल्या बाईंनी आधीच सांगून टाकलं होतं की त्या बाळाला काढणार नाहीत. त्याने सांगितलेलं काम चोख केलं, त्याचं काय चुकलं? ज्याला आपली जागा परत हवी आहे त्याने स्वतः जाऊन बोलावं. चष्मेवाला त्या दिवसापासून घरी आला नव्हता. दुकानही उशिरा उघडत होता.

कँटीनमधल्या घासाघिशीच्याच आठवड्यात, एका दुपारी मालक त्याच्याकडे गेले. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. काय बोलावं हे न सुचून त्यांनी डोळे तपासायचे आहेत असं सांगितलं. चष्मेवाल्याने त्यांना उंच स्टुलावर बसवलं, एका डोळ्यावर झाकण धरलं आणि समोरची अक्षरं वाचायला सांगितली. मालक वाचायला लागले. मोठी अक्षरं झाली, मधली झाली.

‘काकू म्हणाल्या, तुम्ही येणार आहात,’ चष्मेवाला म्हणाला.

‘हो.’

‘मंगळवार माझ्याकडे राहू दे,’ चष्मेवाल्याने हळू आवाजात मागितलं. ‘बाकी सगळे दिवस तुमचे. डॉक्टरांच्या त्या बाहेरच्या खोलीत मासे आहेत ना, त्यातल्या एकेकाला काकू नाव देतायत. आमचं ते अजून पुरतं झालेलं नाही.’

मालकांना हे माशांचं माहीत नव्हतं. इतके मंगळवार ते त्याच खोलीत फोन बघत बसले होते. ते म्हणाले, मंगळवार तुमचा. आणि रविवारी जेवायलाच या, बटाटे असतात.

चष्मेवाल्याने दुसऱ्या डोळ्यावर झाकण धरलं. थोड्या वेळाने विचारलं, ‘आणि तिकडच्या लोकांना काय सांगितलंत?’

‘कुठल्या?’

‘कारखाना जिथे जाणार होता तिथल्या. त्यांनाही कोणीतरी सांगितलं असेल ना, काम येतंय म्हणून.’

त्या देशात माणसं असतील हे त्यांना माहीत होतं, खर्चात ती धरलेलीच होती. पण ती कोणाची तरी वाट बघत असतील हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. सल्लागार कळवेल, असं ते म्हणाले. मालकांच्या डोळ्यांसमोर सल्लागाराचे ते दोन हात आले.

‘मीच फोन करतो,’ ते म्हणाले. ‘आजच. निदान माफी तरी मागतो.’

मग त्यांनी खालची ओळ वाचली, आणि तिच्यातलं एकही अक्षर बरोबर नव्हतं. चष्मा खरोखरच लागला होता. चष्मेवाल्याने दोन फ्रेमी काढून काचेवर ठेवल्या. एक बाहेरून आलेली, स्वस्त. एक इथेच बनलेली, बरीच महाग.

‘टिकायला कुठली चांगली?’ मालकांनी विचारलं.

‘दोन्ही सारख्या.’

मालकांनी आरशासमोर एक लावून बघितली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. कपाळाला घाम आला.

‘खरं सांगू का?’ चष्मेवाला म्हणाला. ‘तुम्हाला स्वस्तातली जास्त शोभते.’

मालकांनी महागातली घेतली. मग खुर्ची पुढे ओढून बसले आणि दिवे लागेपर्यंत किंमत कमी कर म्हणून त्याच्या मागे लागले.